वैजयंताबाईंची जन्मतारीख

दिनांक १ जून २०२५, रविवार, सकाळी दहा वाजता, मीरा रोड पूर्वेकडील पूनम सागर वसाहतीत, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टशेजारच्या भिंतीसमोर, जमलेल्या सर्व सभासदांच्या साक्षीने असे आढळून आले की इमारतीतील सहा ज्येष्ठ नागरिक एकाच दिवशी, आणि तेही पहाटे बरोबर साडेपाच वाजता, जन्माला आले आहेत.

हे आढळले भिंतीवरच्या पडद्यावर. चौथ्या मजल्यावरची पायल खिल्लारे वेबपाने तयार करण्याची नोकरी करते. तिने सोसायटीसाठीही एक पान हौसेने बनवून दिले होते. पाणी केव्हा येणार, सभा केव्हा, टाकी केव्हा धुणार, आज कोणाचा वाढदिवस, हे सारे त्या पानावर असे आणि ते पान एका जुन्या टीव्हीवर दिवसभर दिसे. पडद्यावरचे मराठी तपासण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले, कारण मी सरकारी अनुवादक म्हणून निवृत्त झालो आहे. माझी पत्नी शुभदा म्हणते की सोपवले नसते तरी मी ते केलेच असते.

पायलशी माझा पहिला वाद तारखेवरून झाला. तिने ‘०१/०६/२५’ असे लिहिले होते.

“हा अपूर्णांक आहे,” मी म्हणालो. “तारीख कुठे आहे?”

“काका, सगळीकडे असंच लिहितात.”

“सगळीकडे चुकतात म्हणून आपणही चुकायचे? वार लिही. महिना अक्षरांत लिही. वेळ लिहिताना पहाट, सकाळ, दुपार, जे असेल ते आधी लिही. एएम-पीएम मला या भिंतीवर दिसता कामा नये.”

ती कुरकुरली, पण तिने एक छोटी आज्ञावली लिहिली. तिला कोणताही क्षण द्यावा आणि तिने त्याचे नीट वाक्य करून द्यावे, अशी ती योजना होती. ‘मंगळवार, दुपारी साडेतीन वाजता टाकी धुतली जाईल’ हे वाक्य पडद्यावर उमटले तेव्हा मी वॉचमन चंदनला ते दोनदा वाचून दाखवले. त्याला मराठी येत नाही, तरीही तो “बहुत बढिया, अंकल” म्हणाला.

तीच आज्ञावली तिने वाढदिवसांनाही लावली होती. म्हणून त्या रविवारी सहा नावांपुढे सहा वेळा उमटले : ‘जन्म १ जून, पहाटे साडेपाच वाजता’.

“साहेब, हे बेस झालं!” पायलचे वडील कोंडिरामराव पोट धरून हसत होते. “साडेपाचला आम्ही सगळे एकदम! सुईण एकच होती का काय?”

पायलचा चेहरा लाल झाला. “काका, चूक माझी आहे. कागदावर फक्त तारीख असते ना, वेळ नसते. वेळ दिली नाही तर मशीन मध्यरात्र धरतं, आणि ती पण ग्रीनिचची. तिकडे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच. काढते मी लगेच.”

“आणि १ जून? तोही यंत्रानेच धरला?”

“तो आमच्या हेडमास्तरानं धरला,” कोंडिरामराव म्हणाले. “जून महिन्यात शाळा उघडायची. बापाला विचारलं, पोरगं कधीचं? बाप म्हणायचा, थोरल्या बैलाच्या आगेमागे. हेडमास्तर काय लिहिणार? लिहिली एक जून. मी परभणी जिल्ह्यातला, बायकोपण तिकडलीच, गाव निराळं, शाळा निराळी, पण तारीख एकच. आमच्यात पत्रिका बघत नाहीत म्हणून बरं, नाहीतर बघणाराच घाबरला असता.”

सगळे हसले. शुभदा हातात गुलाब घेऊन ज्येष्ठांच्या रांगेपाशी गेली आणि एकेकाला देत देत जिन्याजवळ उभ्या असलेल्या वैजयंताबाईंपर्यंत पोचली. वैजयंताबाई म्हणजे कोंडिरामरावांची पत्नी, पायलची आई. त्यांनी गुलाबाकडे पाहिले, शुभदाचा हात हलकेच मिटून तिच्याकडेच वळवला आणि त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाला द्या, ताई. हा दिवस मपला न्हाई. दुसऱ्याचा दिवस घेऊन मी काय करू?”

त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि वर निघून गेल्या. पायल पडद्याकडे पाहत उभी राहिली.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. साडेपाचची चूक तिने दुरुस्त केली होती. तरीही ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली, जायला उठेना.

“काका, खरं सांगू? ते वाढदिवसाचं मी आईसाठीच टाकलं होतं. दादाचा, माझा, बाबांचा, सगळ्यांचा करते ती. घरात औक्षण, खीर, सगळं. स्वतःचा आला की म्हणते, तो हेडमास्तरांचा, त्यांनाच जाऊन खीर द्या. तिला अख्ख्या आयुष्यात तिच्या दिवशी कोणी काही म्हटलेलं नाही. एकदा तरी तिला तिचा दिवस मिळायला पाहिजे.”

“मिळेल,” मी म्हणालो. “साक्ष असेल तर तारीख निघते. मी काढतो.”

“झालं!” शुभदा स्वयंपाकघरातून म्हणाली. “आता त्या बिचारीची उलटतपासणी.”

ती उलटतपासणी पावसाळाभर चालली. आठवड्यातून एकदा, दुपारच्या चहाला, मी चौथ्या मजल्यावर जाई. वाचनालयातून जुनी पंचांगे मिळवली होती, ती पिशवीत असत. वैजयंताबाई माझे प्रश्न मोठ्या सहनशीलतेने ऐकत आणि बहुतेकांची उत्तरे देण्याआधी चहा गाळत.

शाळेत त्यांना घेतले कसे, ते त्यांनी सांगितले. वय ठाऊक नसे, म्हणून हेडमास्तर मुलांना ओसरीवर उभे करीत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाती लागला तर मूल सहा वर्षांचे झाले.

“मपला हात पोचेना,” त्या म्हणाल्या. “बोटं इथवर यायची.” त्यांनी भांगापर्यंत हात नेऊन दाखवला. “मग घरी धाडलं. पुढल्या वर्षी पोचला. तवा लिहिलं त्यांनी.”

“म्हणजे वर्षाचाही भरवसा नाही,” मी टिपून घेत म्हणालो.

“तुम्ही आधी बिस्कीट घ्या, भाऊ.”

जन्माविषयी त्यांना जे ठाऊक होते ते आजीकडून आलेले होते. ज्वारीची कणसे कोवळी होती, हुरड्याचे दिवस होते. शेताच्या कडेला आगटी पेटलेली होती, म्हणजे हुरडा भाजण्यासाठी खणलेला खड्डा. आई दुसऱ्याच्या शेतात कामाला गेली होती आणि तिथूनच घरी आणली गेली. वेळ दुपारची होती, याविषयी त्या ठाम होत्या. सूर्य डोक्यावरून नुकता उतरला होता. त्याच आठवड्यात मावशीचे लग्न होते आणि लग्नाला चांदणे होते.

हुरडा, चांदणे, मावशीच्या थोरल्या मुलाचे वय आणि कानाला न पोचलेला हात, एवढ्या सामग्रीवर मी भाद्रपदापर्यंत वर्ष ठरवले, नंतर महिना ठरवला, आणि शेवटी तीन आठवड्यांपर्यंत येऊन थांबलो. त्यापलीकडे पुरावा जाईना. एका दुपारी मी त्या तीन आठवड्यांचा मध्य काढला, स्वच्छ कागदावर ‘शनिवार, दिनांक ११ जानेवारी १९५८, दुपारी’ असे लिहिले आणि तो कागद घेऊन वर गेलो. पायल त्या दिवशी घरूनच काम करीत होती. तीही येऊन बसली.

वैजयंताबाईंनी कागद वाचला. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी सांगितले नाही. हा निष्कर्ष आहे. तीन आठवड्यांमधला कोणताही दिवस असू शकतो. मी मधला घेतला, म्हणजे चूक झालीच तर कमीत कमी होईल.”

त्या हसल्या. माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतीत म्हणाल्या, “म्हंजी तुम्ही बी हेडमास्तरच की, भाऊ.”

“असे कसे म्हणता?” मला ते लागले. “त्यांनी विचार न करता लिहिले. मी तीन महिने विचार करून लिहिले.”

“लिहिलं ते लिहिलंच की.”

मी कागद परत घेतला आणि पुन्हा एकदा वाचला. पायल खाली मान घालून ओढणीचे टोक चिमटीत पिळत होती. तिला हसू येत होते की रडू, हे मला कळले नाही.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मग तुला कधी वाटलंच नाही का, आज माझा दिवस आहे म्हणून?”

“वाटायचं की.” वैजयंताबाईंनी किटली खाली ठेवली. “आजी होती तवर वाटायचं. पहिला हुरडा आला की पहिली मूठ मला द्यायची. भाऊ रडायचे, तरी न्हाई द्यायची त्यास्नी. म्हणायची, ही आज आली होती, पहिली मूठ हिची. मग बाकीच्यांनी खायचा.”

“हे तुम्ही तीन महिन्यांत मला एकदाही सांगितले नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही तारीख इचारली. हे कुठं तारखेत बसतंय? कधी संक्रांतीच्या आधी यायचा, कधी मागनं.”

पलंगावर वर्तमानपत्र वाचीत पडलेले कोंडिरामराव उठून बसले होते. त्यांचा चुलतभाऊ महिपत गावाकडून दर हिवाळ्यात हुरड्याची कणसे खासगी बसने पाठवतो. बस काशीमीऱ्याला हायवेवर थांबते आणि कोंडिरामराव रिक्षाने जाऊन पोते घेऊन येतात. हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, कारण त्या संध्याकाळी चारही मजल्यांवर वास येतो.

“मला का नाही बोललीस कधी?” त्यांनी विचारले. एरवी ते बोलू लागले की खालच्या मजल्यावर ऐकू येते. त्या वेळी मला कान देऊन ऐकावे लागले. “इतकी वर्षं मी रिक्षातच सुरू करतो. चोळून चोळून खात येतो. पहिली मूठ मीच मारतो, वैजंता.”

“खावा की. भूक लागती माणसाला.”

“तसं नाही गं.”

“आता बोलले ना,” त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

त्यानंतरचा वाद आमच्या घरात झाला. पायलच्या मते आता सगळे सरळ होते : आईचा वाढदिवस म्हणजे पहिला हुरडा येईल तो दिवस. माझ्या मते ते अशक्य होते. जन्मदिवस दरवर्षी निराळ्या दिवशी येतो, हे मी कोणत्या तोंडाने भिंतीवर लिहिणार होतो?

“अहो,” शुभदा भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुमचे गणपती दरवर्षी एकाच तारखेला येतात का?”

“ते चंद्राच्या गतीवर ठरते. त्याला नियम आहे.”

“ज्वारीला नाही? ती काय स्वतःच्या मर्जीने पिकते?”

मी पंचांग पुढे ओढले. पायलने ती संधी सोडली नाही.

“काका, माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच आहे. तारखेचा रकाना रिकामा राहतच नाही. नुसतं वर्ष दिलं तर एक जानेवारी धरतो. वर्ष आणि महिना दिला तर एक तारीख धरतो. माहीत नाही, हे त्याला सांगताच येत नाही. काहीतरी धरतोच.”

“मग?”

“मग आईसाठी तारखेचा रकाना ठेवतच नाही. साधा मजकूर ठेवते. जे माहीत आहे तेवढं लिहायचं, जे नाही ते लिहायचं नाही. दिवस मोजून काढायचाच नाही. बाबांच्या मोबाईलवर एक बटण देते. हुरडा आला की ते दाबणार, आणि खाली पडद्यावर येणार. मजकूर तुम्ही लिहा.”

मी मजकूर लिहिला. ऋतुवर्णनाने सुरुवात केली, आगटीचा उल्लेख केला, आजीचे वात्सल्य एका उपवाक्यात आणले आणि वैजयंताबाईंच्या नावाशी येऊन पूर्णविराम दिला. ते वाक्य, माझ्या अल्प मतीप्रमाणे, निर्दोष होते. पायलने ते शेवटपर्यंत वाचले.

“काका, टीव्ही बत्तीस इंची आहे.”

“वाक्य सरकत राहील, अशी सोय होत नाही का?”

“होते. पण आईचा चष्मा जुना आहे.”

मी एक-एक उपवाक्य काढू लागलो. काढताना प्रत्येकाची बाजू मांडली, हे कबूल केले पाहिजे. पायलने प्रत्येकाची बाजू ऐकून घेतली आणि प्रत्येक काढायला लावले. ‘११ जानेवारी (अंदाजे)’ हे शब्द बारीक अक्षरांत तळाशी ठेवावेत, असे मी शेवटी सुचवून पाहिले.

“काका.”

“बरे, नको.”

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस लांबला आणि अतोनात झाला. शेते वाफशावर, म्हणजे पेरणीजोगी, यायला वेळ लागला, ज्वारी उशिरा पेरली गेली. संक्रांत आली आणि गेली. महिपत फोनवर म्हणे, अजून दाणा भरला नाही. पायल मला लिफ्टमध्ये भेटली की मान हलवी, मीही हलवी. हळूहळू गोष्ट इमारतीत पसरली. चंदन मला विचारू लागला, “अंकल, आंटी का बड्डे आया क्या?” आणि मी त्याला म्हणे, “अभी पका नहीं.” दुसऱ्या मजल्यावरच्या हीनाबेन येता-जाता पडद्यासमोर थांबू लागल्या. साडेपाचवर हसलेली माणसे आता ज्वारीची चौकशी करीत होती.

शेवटी पायलचाच धीर सुटला. नवघरच्या बाजारात कोणीतरी हुरडा विकायला बसते असे तिला कळले, आणि एका शनिवारी ती पर्स घेऊन निघाली. वैजयंताबाईंनी तिला दारातच अडवले. मी तेव्हा तिथे वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो.

“आई, हुरडा तो हुरडाच ना? कुठल्या शेतातला, याने काय फरक पडतो?”

“शेत कुठलं का असंना,” त्या म्हणाल्या. “पण आणलेला नको. आला पाहिजे.”

“आणि यंदा आलाच नाही तर?”

“तर पुढल्या साली येईल. मी कुठं चालले का?”

पायल तिथेच दारात चपला घातलेल्या पायांनी खाली बसली. “मला भीती वाटते गं,” ती म्हणाली. “मी इतकं सगळं केलं आणि तुला परत नाहीच मिळालं तर?”

वैजयंताबाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. त्यांनी मुलीच्या केसांतून हात फिरवला. मी वर्तमानपत्र कडीला अडकवून खाली आलो.

हुरडा आला तो कोणत्या तारखेला, हे मला ठाऊक आहे. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही. सकाळ होती. कोंडिरामराव काशीमीऱ्याहून रिक्षाने आले, पोते मांडीवर होते आणि त्याचे तोंड बांधलेलेच होते. पोते खाली उतरवण्याआधी त्यांनी रिक्षातच मोबाईल काढला, चष्मा लावला आणि बटण दाबले. दोनदा दाबले असावे, कारण पडदा एकदा लुकलुकला. मग त्यांनी पोते खांद्यावर टाकले आणि ते जिन्याने वर गेले. लिफ्टची वाट पाहिली नाही.

पायलने कणसे गॅसवर भाजली. वास पहिल्या मजल्यावर पोचला आणि दारे उघडू लागली. थोड्या वेळाने चौथ्या मजल्यावरची तिघेही खाली आली : पुढे वैजयंताबाई, नेहमीच्याच साडीत, पदराला हात पुसत, मागे पायल, आणि सगळ्यांत शेवटी कोंडिरामराव, ओंजळ छातीशी धरून, एकही दाणा सांडू नये म्हणून पावले जपून टाकीत. हीनाबेन होत्या, चंदन होता, शुभदा होती. वाढदिवस असा येऊन ठेपल्यावर काय म्हणायचे असते, हे कोणालाच माहीत नव्हते.

कोंडिरामराव पत्नीसमोर उभे राहिले. “हात पुढं कर,” ते म्हणाले, आणि मग सर्वांसमोर काय बोलावे हे न सुचून, “गरम आहे, बघून खा.”

वैजयंताबाईंनी पुढे केलेल्या तळहातावर कोंडिरामरावांनी ओंजळीतली पहिली मूठ रिती केली. हिरवे दाणे वाफाळत होते. एक दाणा घरंगळून खाली पडला, तो पायलने उचलला आणि परत ठेवला.

वैजयंताबाईंनी लगेच खाल्ले नाही. दाणे मुठीत धरून त्या पडद्याकडे वळल्या. चष्मा नाकावर वर सरकवला आणि शाळेत धडा वाचावा तसे, एकेका शब्दावर थांबत, मोठ्याने वाचू लागल्या.

“आज पहिला हुरडा आला. आज वैजयंता कोंडिराम खिल्लारे यांचा वाढदिवस. जन्म : हुरड्याच्या दिवसांत, दुपारी.”

त्यांनी ते पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचले. ओठ हलताना मला दिसले. माझ्या आयुष्यात मी अनेक मसुदे अनेक वरिष्ठांपुढे ठेवले आहेत आणि त्यांच्या शेऱ्यांशी कडाडून भांडलो आहे. या वेळी शेरा काहीही आला तरी मी भांडणार नव्हतो. पायलने माझी बाही पकडली होती. तिला ते कळले नसावे.

वैजयंताबाईंनी मूठ तोंडाशी नेली, दाणे चावले, गिळले, आणि पदराने ओठ टिपले.

“खरं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.